पंचवीस झाडं

ब्रिटनमधली रेपसीडची शेतं एप्रिलच्या मध्याला पिवळीधमक होतात आणि मे सरता सरता तो रंग उतरतो. आगगाडीतून जाणाऱ्याला हे पीक तेवढेच पाच-सहा आठवडे दिसतं. माझं काम त्याआधी सुरू होतं. फेब्रुवारी संपत आलेला असतो, पीक अजून गुडघ्याच्याही खाली असतं, निळसर हिरवी पानं दवाने जड झालेली असतात. तेव्हा मी यॉर्कशर आणि लिंकनशरमधल्या शेतांत हिंडते, झाडं उपटते, त्यांची पानं उलटीसुलटी करून बघते आणि किती झाडांवर कोणता रोग सापडला ते लिहून ठेवते. मी मूळची मिरज तालुक्यातली. वनस्पतिरोगशास्त्र शिकले ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात. बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. रोग ओळखायला नजर लागते, पण त्याच्याबद्दलचा निर्णय मोजणीवरच घ्यावा. नजरेवर सोडलं तर माणूस एक तर घाबरून फवारतो, नाही तर निर्धास्त राहून पीक घालवतो.

रेपसीड म्हणजे मोहरीचंच भावंड. आपल्या फोडणीतली मोहरी ब्रासिका जुन्सिया, आणि इथली ही ब्रासिका नेपस. ऑगस्टमध्ये पेरणी होते. झाड सगळा हिवाळा जमिनीलगत पानं पसरून काढतं, मार्चमध्ये त्याचं खोड वर सरकू लागतं आणि जुलैच्या अखेरीस कापणी येते. एवढा काळ शेतात उभं राहणारं पीक म्हणजे बुरशीला एवढाच काळ मोकळं रान. त्यातून इथली हवा थंड, ओली आणि ढगाळ. आपल्याकडे रोगाला पावसाळ्याचे चार महिने मिळतात. इथे ओल बाराही महिने असते, फक्त थंडीमुळे रोगाची चाल संथ पडते.

ही संथ चालच सगळ्यांत फसवी असते. माझ्या कामातला मुख्य रोग म्हणजे लाइट लीफ स्पॉट, पायरेनोपेझिझा ब्रासिकी या बुरशीचा. मागच्या हंगामाचे अवशेष शेतात पडलेले असतात. शरद ऋतूत त्यांतून बीजाणू हवेत उडतात आणि नव्या रोपांच्या पानांवर उतरतात. बुरशी पानात शिरते, पण कित्येक आठवडे बाहेर काहीच दिसत नाही. पान हिरवंगार, टवटवीत. जानेवारी-फेब्रुवारीत पानावर फिकट, विटके डाग येतात आणि डागाच्या कडेने पांढरे बारीक ठिपके उमटतात, मीठ भुरभुरल्यासारखे. हे ठिपके म्हणजे बीजाणूंचा नवा साठा. पावसाच्या थेंबांबरोबर तो वरच्या पानावर, शेजारच्या झाडावर उडतो. मग एका हंगामात पुन्हा पुन्हा फेरे होतात: पानावरून कळीवर, कळीवरून खोडावर, खोडावरून शेंगेवर. शेंगा वेड्यावाकड्या होतात, वेळेआधी फुटतात आणि दाणा जमिनीवर सांडतो. पूर्वी हा रोग स्कॉटलंडचा आणि उत्तर इंग्लंडचा मानला जाई. आता दक्षिणेतही तो तितकाच मुरला आहे.

शेतात शिरण्याआधी मी बूट धुते आणि जंतुनाशकात बुडवून घेते. या कुळातल्या पिकांच्या मुळांना क्लबरूट नावाचा रोग होतो. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि बुटाला चिकटलेल्या चिखलातून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. रोग शोधणाऱ्यानेच रोग पसरवला तर त्या शोधण्याला काय अर्थ? मग फाटकाजवळचा पट्टा आणि बांधाच्या कडा सोडून मी आत जाते. ट्रॅक्टरच्या चाकांसाठी सोडलेल्या पट्ट्यांवरून चाललं तर सोपं जातं, पण तिथली झाडं सगळ्या शेताचं खरं चित्र देत नाहीत. म्हणून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी चालायचं, आणि ठरवलेली पावलं झाली की बुटाच्या टोकाला लागेल तेच झाड उपटायचं. अशी पंचवीस झाडं.

बुटाच्या टोकाचा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. नवीन माणसाला शेतात सोडलं आणि ‘सरासरी दिसणारी झाडं आण’ असं सांगितलं, तर तो हमखास ठळक झाडं आणतो. काहींना रोगट झाड आधी दिसतं, काहींचा हात नकळत चांगल्या झाडाकडे जातो. हर्टफर्डशरमधल्या रॉथॅमस्टेड या संशोधन केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी १९३५ साली हेच दाखवून दिलं होतं. जाणकार निरीक्षकांनी नजरेने निवडलेली गव्हाची ताटं संपूर्ण शेताचं प्रतिनिधित्व करत नव्हती. निवडीतच कल होता, आणि तो अनुभवी माणसांचाही होता. रॉथॅमस्टेडची स्थापना १८४३ची. रोनाल्ड फिशर १९१९ साली तिथे आले आणि शेतीतल्या प्रयोगांना त्यांनी आधुनिक संख्याशास्त्राची बैठक दिली. हीच परंपरा आपल्याकडे रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावं ठळक आहेत: विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेल्या सुखात्म्यांनी भारतात पीक कापणीच्या नमुना सर्वेक्षणांचा पाया घातला. पानसे-सुखात्मे यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं. राहुरीत आमच्या टेबलावर ते असायचंच. तेव्हा त्यातली सूत्रं परीक्षेसाठी पाठ केली होती. ती सूत्रं कशासाठी आहेत, ते मला यॉर्कशरच्या चिखलात पावलं मोजताना उमगलं.

झाडं जमा झाली की एकेक पान बघायचं. दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात असतं. पान उन्हाकडे तिरकं धरायचं, वरची बाजू बघायची, मग खालची. वसंतात फसवणारी बरीच लक्षणं दिसतात. नत्र खताचे दाणे पानावर पडून जळालेला डाग लांबून अगदी लाइट लीफ स्पॉटसारखा वाटतो. कडाक्याच्या थंडीत पानाची साल सुटते आणि तोही डाग पांढरट दिसतो. खालच्या पानांवर पिवळे डाग आणि त्यांच्या पाठीमागे करडी लव असेल तर तो डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे आपला केवडा. तो सहसा लहान रोपांना छळतो, वाढलेल्या पिकाचं फारसं बिघडवत नाही. कबुतरांनी कुरतडलेली पानं, फ्ली बीटलच्या अळीने पोखरलेले देठ, या नोंदी वेगळ्या ठेवायच्या. सगळ्याला ‘डाग’ म्हणून मोकळं झालं की चुकीचं औषध मारलं जातं.

एवढं बघूनही पुरत नाही. लक्षण न दिसणारं पान रोगमुक्त असेलच असं नाही. म्हणून पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, आत थोडा ओलावा ठेवायचा, तोंड बांधून दोन-चार दिवस थंड जागी ठेवायची. पिशवी उघडली की पानाचं खरं रूप दिसतं. शेतात हिरवी वाटलेली पानं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली असतात. या साध्या पिशवीइतकं मला कुठल्याच यंत्राने शिकवलेलं नाही.

ड्रिफील्डच्या बाजूला एक वयस्कर शेतकरी आहेत. तीन पिढ्यांची शेती. मी गेले की फाटकाला टेकून सगळं पीक दाखवत म्हणायचे, “बघा ना, कुठे काही आहे का? मी रोज सकाळी बघतो.” एके वर्षी पीक खरंच सुरेख होतं. पंचवीसपैकी तीन झाडांवर मला शेतात डाग दिसले. पिशवीतून पानं काढली तेव्हा नऊ झाडं निघाली, म्हणजे छत्तीस टक्के. वसंतात खोड वाढू लागतं त्या सुमारास पंचवीस टक्के झाडांवर लक्षणं असली तर फवारणीचा विचार करावा, असा आकडा इथे अनेक वर्षं मार्गदर्शक मानला गेला आहे. मी पानं त्यांच्यासमोर ठेवली. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हे महिनाभर माझ्यासमोर होतं.” त्यांनी सल्लागाराला बोलावलं. इथे पिकाच्या औषधांचा व्यावसायिक सल्ला द्यायला ‘बेसिस’ची पात्रता लागते, दुकानदार मनाने बाटली हातात ठेवत नाही. दव सुकलेला, वारा नसलेला दिवस बघून फवारणी झाली. लाइट लीफ स्पॉटवरची औषधं मुख्यतः संरक्षक असतात. नवी पानं आणि कळ्या ती वाचवतात, पण पानात खोल शिरलेला रोग पुसून काढत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांचा उशीरही महाग पडतो.

याच्या उलट अनुभवही तितकाच महत्त्वाचा. लिंकनशरच्या एका शेतावर फवारणी यंत्र भरून तयार होतं. शेजाऱ्याने फवारलं म्हणून तिथल्या शेतकऱ्यालाही फवारायचं होतं. पानांवर डाग भरपूर होते, पण ते फोमा या दुसऱ्या रोगाचे होते: फिकट तपकिरी, मध्ये काळे बारीक बिंदू. फोमाची बुरशी पानातून देठात आणि देठातून हळूहळू खोडात उतरते, आणि उन्हाळ्यात खोडाचा पाया कुजवते. हा प्रवास लांबचा असतो. म्हणून शरद ऋतूत दिसलेले फोमाचे डाग घातक, तेव्हा दहा ते वीस टक्के झाडांवर आले की औषध मारतात. मार्चमध्ये नव्याने आलेले तसेच डाग मात्र सहसा फार नुकसान करत नाहीत, कारण खोड पोखरायला बुरशीला पुरेसा वेळच उरत नाही. लाइट लीफ स्पॉट पिशवीतूनही फक्त दोन झाडांवर निघाला. मी सांगितलं, “आज थांबा, दहा दिवसांनी पुन्हा मोजू.” पुन्हा मोजलं, आकडा वाढला नव्हता. ती फवारणी टळली. पैसे वाचले आणि जमिनीत, ओढ्यात जाणारं रसायनही वाचलं. टळलेली फवारणी कुठे दिसत नाही, तिचा फोटो निघत नाही, पण माझ्या लेखी ती कामाची मोठी कमाई आहे.

एप्रिलमध्ये पीक फुलतं आणि कामाचा रोख बदलतो. आता भीती स्क्लेरोटिनिया या बुरशीची. तिच्या काळ्या कठीण गाठी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. वसंतात माती ऊबदार आणि ओली झाली की त्यांतून छोटी छत्रं उगवतात आणि बीजाणू हवेत सोडतात. हे बीजाणू निरोगी हिरव्या पानात थेट शिरू शकत नाहीत. त्यांना गळणाऱ्या पाकळ्या लागतात. पाकळी पानाच्या बेचक्यात चिकटली आणि तिथे ओल राहिली, तरच रोग पानात आणि तिथून खोडात उतरतो. सात अंशांच्या वर तापमान आणि ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता सलग तेवीस तास राहिली की धोका धरतात. त्या दिवसांत शेतातून बाहेर आले की माझे कपडे छातीपर्यंत पाकळ्यांनी माखलेले असतात. पाकळ्या ओल्या असून झटकल्या जात नसतील, तर पानांवरही त्या तशाच चिकटून असणार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हवेतले बीजाणू मोजायची सोयही रॉथॅमस्टेडनेच केली. जॉन हर्स्ट यांनी १९५२ साली तिथे बीजाणू पकडण्याचं यंत्र तयार केलं. ते मिनिटाला दहा लिटर हवा ओढतं आणि त्यातले कण चिकट पट्टीवर उतरवतं. पट्टी ताशी दोन मिलिमीटर सरकते, त्यामुळे कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला बीजाणू आले तेही कळतं. त्या यंत्राचे वंशज जगभर अजून वापरात आहेत, परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीसुद्धा. लाइट लीफ स्पॉटचा प्रादेशिक अंदाजही रॉथॅमस्टेडने बसवला. मागच्या हंगामात शेंगांवर रोग किती होता, उन्हाळा किती तापला, हिवाळ्यात पाऊस किती पडला, यांवरून कोणत्या भागात किती धोका आहे ते आधी सांगितलं जातं. हे सगळं उभं आहे ते माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षं भरलेल्या कागदांवर. एका शेतातली पंचवीस झाडं त्या शेतापुरती असतात. अनेक शेतांतली, अनेक वर्षांची झाडं एकत्र आली की त्यांतून देशाचा अंदाज बनतो. म्हणून ‘शून्य’ लिहायचा मी कधी कंटाळा करत नाही. रोग सापडला तेवढंच लिहिलं, तर पुढच्याला सगळीकडे रोगच दिसेल.

मोजणीची गरज आता आणखी वाढली आहे. टेब्युकोनॅझोल, प्रोथायोकोनॅझोल या गटातल्या औषधांना लाइट लीफ स्पॉटची बुरशी पूर्वीइतकी दाद देत नाही, असं संशोधनातून दिसलं आहे. विनाकारण मारलेली प्रत्येक फवारणी त्या बुरशीला सरावाची संधी देते. वाणांचंही तसंच. फोमाला रोखणारा आरएलएम-७ नावाचा जनुक बरीच वर्षं भरवशाचा होता, आता त्यालाही चकवणारे बुरशीचे प्रकार सापडू लागले आहेत. शिवाय हे पीकच अडचणीत आहे. निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या बीजप्रक्रियेवर डिसेंबर २०१३ पासून बंदी आली, त्यामुळे फ्ली बीटल आवरेना. २०१२ साली साडेसात लाख हेक्टरांवर असलेलं रेपसीड २०२१ साली तीन लाख हेक्टरांच्या आसपास आलं. जे शेतकरी अजून पेरतात, त्यांना एक फवारणी वाया घालवणं परवडत नाही आणि एक चुकवणंही परवडत नाही.

हे सगळं लिहिताना मन सारखं सांगली जिल्ह्याकडे जातं. मिरज-तासगावचा द्राक्षबागायतदार पान वाचण्यात कुणाला हार जाणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की तो रात्री बॅटरी घेऊन बागेत शिरतो, पान उलटून डाऊनी शोधतो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानाचा अंदाज घेऊन सल्लाही देतं. पण त्याच शिवारातल्या सोयाबीनकडे, भुईमुगाकडे असं बघणारे कमी. सोयाबीनचा तांबेरा सांगली-कोल्हापूरकडे सप्टेंबरमध्ये खालच्या पानांच्या पाठीमागे सुरू होतो. वरून शेत हिरवंगार दिसतं, आणि पुढे बघता बघता पानं पिवळी पडून गळतात. आमच्या आबांनी ते अनेकदा सोसलं. तांबेऱ्याला तग धरणारे फुले अग्रणी, फुले संगम यांसारखे वाण आमच्याच जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने दिले, याचा मला अभिमान आहे. पण वाण कितीही चांगला असला, तरी तो शेतात कसा टिकतोय ते बघावंच लागतं. रेपसीडच्या त्या जनुकाने तेच शिकवलं.

राज्यात मोजणीची व्यवस्थाच नाही असंही नाही. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर अळीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून कृषी विभागाने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. निरीक्षक ठरलेल्या शेतांत जाऊन नोंदी घेतात, त्यांवरून सल्ले निघतात. मी इथे ब्रिटनमध्ये जे करते, तेच ते तिथे उन्हातान्हात करतात. त्यांच्या नोंदीला गावात किंमत मिळाली पाहिजे. निरीक्षक शेतात आला तर त्याच्याबरोबर शेतकऱ्याने चार सऱ्या चालाव्यात, काय बघतोस ते विचारावं. पण निरीक्षक सगळ्यांच्या शेतात पोचू शकत नाही. उरलेलं काम ज्याचं त्यालाच करावं लागेल.

त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना परदेशी पदवी. भिंग, वही आणि एक प्लॅस्टिकची पिशवी पुरे. आठवड्यातून एकदा शेतात आडवंतिडवं चाला. पावलं मोजून पायाशी येईल ते झाड घ्या, मनाला आवडेल ते नको. पंचवीस झाडांची पानं दोन्ही बाजूंनी बघा. संशय असेल तर पिशवीत घालून दोन दिवस ठेवा. तारीख घालून आकडा लिहा, शून्य असला तरी लिहा. आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभं राहून औषधाचं नाव विचारण्याआधी ती वही उघडा. मागच्या आठवड्यापेक्षा आकडा वाढला असेल तर जाणकाराला विचारून त्याच दिवशी फवारा. वाढला नसेल तर थांबा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा.